यादीवाल्याच्या घरी बिनअटीचं स्थळ

आमचे हे, म्हणजे मोतीरामभाऊ, यांच्याबद्दल चार शब्द सांगायचे तर आधी त्यांची परवानगी घ्यायला हवी. ती मिळालीही असती, पण एका अटीवर. म्हणून मी मागितलीच नाही. घरात आम्ही सगळे हाय-नायच बोलतो. सांगताना मात्र मी जरा शाळेतल्यासारखं सांगणार आहे. दहावी पास बाई आहे मी, नंदा नाव माझं, आणि या माणसाबरोबर सव्वीस वर्षं काढलीत.

रोह्याहून कोलाडला जाताना आत वळलं की आमचं गाव. पावसाळ्यात भात, भात निघालं की वाल. शेती सांभाळून ह्यांनी रोह्याच्या एका कंपनीच्या गेटावर वीस-बावीस वर्षं रजिस्टर लिहिलं. कोण आला, कधी आला, कशाला आला. अक्षर इतकं सुंदर की साहेब लोक उगाच दोनदा आत-बाहेर करायचे म्हणे. हे मला ह्यांनीच सांगितलंय, तेव्हा निम्मं धरा.

त्या अक्षरापायी गावातल्या याद्या ह्यांच्याकडे आल्या. लग्न ठरलं की आमच्याकडे याद्या करतात. दोन्हीकडची माणसं बसतात, कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात, कुणी काय करायचं ते लिहितात, सह्या होतात, मग सुपारी फुटते. बाकीचे लोक मंडप कोणाचा, जेवण कोणाचं, एवढं लिहून मोकळे होतात. आमच्या ह्यांची यादी दोन-दोन तास चालते. हुंडा हा शब्द त्यांच्या कागदावर कधी चढला नाही, तेवढं पुण्य पदरी आहे, पण बाकी काही सोडलं नाही. ‘वऱ्हाडाची बस मंडपापासून पन्नास पावलांवर थांबेल, पावले मुलीच्या मामाची धरावीत.’ ‘नवरदेवाचा मित्र नाचताना पडल्यास उचलण्याची जबाबदारी वरपक्षाची.’ ‘जावयास रुसायचे असल्यास जेवणाआधी रुसावे, जेवणानंतरचा रुसवा धरला जाणार नाही.’ हसू नका. ह्या शेवटच्या कलमाने अष्टमी गावातलं एक लग्न वाचलंय. जावई रुसला तेव्हा ताट उचललेलं होतं. ह्यांनी कागद दाखवला, जावई गुपचूप उठून हात धुवायला गेला.

हे खूळ आलं कुठून, तेही सांगते. ह्यांच्या थोरल्या बहिणीच्या हळदीला मटण कमी पडलं. कुणी आणायचं हे ठरलंच नव्हतं. त्यावरून जी बाचाबाची झाली, त्यात दोन्ही घरांनी अकरा वर्षं एकमेकांकडे पाणी प्यायलं नाही. त्या अकरा वर्षांत ह्यांची आई गेली, आणि लेकीला आईचं तोंड शेवटचं बघता आलं नाही. तेव्हापासून ह्यांचं एकच म्हणणं. जे लिहिलं नाही त्यावरून माणसं तुटतात. आता यात चुकीचं काय आहे? काहीच नाही. पण म्हणून शेजारणीला शिडी देताना ‘तिसऱ्या पायरीवर उभं ऱ्हायचं नाय’ अशी अट? ती बिचारी खाली उभी राहून विचारायची, मग दुसरीवरून चौथीवर जाऊ कशी?

अशा माणसाच्या घरात आमची समीक्षा वाढली. पेणला चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. रोज सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळी येते. त्या दुकानाचा एसी बिघडला आणि तो दुरुस्त करायला हर्षद आला. एसी तीन वेळा बिघडला. तिसऱ्या वेळी तो नेमका कोणी बिघडवला, यावर मी बोलत नाही. पोरगा चांगला. बाप नाही. आई शकूताई पेणला एसटी स्टँडच्या मागे खानावळ चालवते. पोरीने मला सांगितलं, मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी एक पान भरून प्रश्न काढले, आणि एका रविवारी ती दोघं मायलेकरं बोलणी करायला आमच्याकडे आली.

चहा झाला. ह्यांनी फुलस्केप कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, “हां. तुमच्या अटी बोला.”

शकूताई म्हणाल्या, “आमची कसली अट, भाऊ? पोरं खूश, आम्ही खूश.”

“ते झालंच. पण अटी?”

त्यावर हर्षद बिचारा हसून म्हणाला, “काका, आमचं अनकंडिशनल आहे.”

ह्यांनी पेन खाली ठेवलं. सव्वीस वर्षांत मी दुसऱ्यांदा ते बघत होते. पहिल्यांदा पेनाची शाई संपली होती.

पाहुणे गेले आणि घरात त्या शब्दाची चौकशी सुरू झाली. समीक्षा म्हणाली, “बाबा, अनकंडिशनल म्हणजे बिनशर्त. काहीच अट नाही.”

“अर्थ कळला गो. वापरतात कुठं, ते सांग. शब्द कुठं वापरतात त्यावरून त्याची जात कळते.”

तिने मोबाईल काढला. त्यात शब्द कसा वापरायचा त्याची वाक्यं येतात. पहिलंच वाक्य आलं, शत्रूच्या सैन्याने बिनशर्त शरणागती पत्करली. हे माझ्याकडे बघून म्हणाले, “ऐकलंस?” मग माझे दीर भरत आले. ते एमआयडीसीत ऑपरेटर आहेत. त्यांना विचारलं तर ते लाजले. म्हणाले, “दादा, मी एकदा लिवून दिलेली. अनकंडिशनल माफी. नाईट शिफ्टला डोळा लागला होता.” आणि गावच्या चावडीवर तर काय, तिथे बिनशर्त म्हटलं की एकच गोष्ट आठवते. मागच्या ग्रामपंचायतीत एका पॅनेलने दुसऱ्याला बिनशर्त पाठिंबा दिला, आणि दोन महिन्यांत नळपाणी योजनेचं काम पाठिंबा देणाऱ्याच्या मेव्हण्याला मिळालं.

ह्यांनी तिन्ही गोष्टी कागदावर मांडल्या आणि मला समोर बसवलं. “बघ. हा शब्द कोण वापरतं? हरलेला, झोपलेला आणि फसवणारा. यातला एक तरी सरळ माणूस दाखव.”

“अहो, चांगला पोरगा हाय.”

“मग त्याला अट का नाय?”

 मी डोक्याला हात लावला आणि वालाला मोड आलेत का ते बघायला उठले.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं पेणला गेलो, चौकशीला. शकूताईंच्या शेजारी गिरजाबाई म्हणून पोह्याचे पापड करणारी म्हातारी राहते. तिच्याकडे पापड घ्यायच्या निमित्ताने शिरलो. ह्यांनी हळूच विषय काढला, शेजार कसा आहे म्हणून.

“सोन्यासारखी माणसं,” म्हातारी म्हणाली. “माझा मिक्सर बंद पडला तर शकूने आपला दिला. वरीस झालं.”

“कोणत्या बोलीवर दिला?”

“कसली बोली? घे म्हणाली.”

“परत कवा मागितला?”

“नायच मागितला.”

“वाटण कशात करतात मग?”

“पाट्यावर.”

हे उठलेच. बाहेर येऊन माझा दंड धरला. “नंदे, बाई स्वतः पाट्यावर वाटते आणि मिक्सर शेजारी ठेवते. काय तरी गडबड हाय.” मला तर वाटलं, तडक जाऊन शकूताईंना मिठी मारावी. पण आमच्या घरात दयेलाही पुरावा लागतो.

तिथून खानावळीत. दुपारची गर्दी ओसरली होती. शकूताईंनी आम्हाला जेवायला बसवलं. आणि ह्यांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. मी पायाने पाय दाबला, पण हा माणूस थांबतोय होय!

“लग्न भर दुपारी सव्वादोनला लावायचं म्हणतोय.”

“चालेल, भाऊ. पोटभर जेवून उभं राहता येईल.”

“नवरदेव घोड्यावर नाय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मागं तोंड करून.”

शकूताईंनी हर्षदला हाक मारली. “अरे, ट्रॉलीत मागं तोंड करून बसशील ना?”

हर्षद आतून म्हणाला, “चालेल. वरात तरी दिसेल.”

“हळदीला मटण नाय,” ह्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. आमच्याकडे हळदीला मटण नाही म्हणजे भाऊबंद कायमचे तुटायचे. “नुसतं वालाचं बिरडं.”

“अगबाई, मग वाल मी सोलून देते की!” शकूताई म्हणाल्या आणि ह्यांच्या पानात आणखी भात वाढला. ह्यांच्या घशाखाली घास उतरेना. भांडायला कोणी नाही म्हटल्यावर ह्या माणसाला भूकच लागत नाही.

परतीच्या गाडीत नागोठणं आलं तेव्हा हे बोलले, आणि खरं सांगते, त्यात थट्टा नव्हती. म्हणाले, “नंदे, अट घालतो तो माणूस ऱ्हायचा विचार करतो. घर भाड्यानं घेणारा नळाला पाणी येतं का विचारतो. नुसता बघायला आलेला काय विचारत नाय. ह्यांना काहीच नको, मग पोरगीपण किती हवी असंल? नकोशी झाली की तेवढ्याच सहज ‘चालेल’ म्हणतील.”

 वेडा असला तरी बाप होता. त्याला काळजी होती, फक्त ती त्याला कलमं घालून मांडता येत होती, दुसरी रीत माहीत नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी पेणला फोन लावला. यादीचा दिवस पुढच्या रविवारचा ठरला होता. म्हणाले, “शकूताई, माझी एकच अट. तुम्ही एक तरी अट घालायची. नायतर मी यादीवर सही करणार नाय, आणि सही नाय तर सुपारी नाय.” पलीकडून शकूताई म्हणाल्या, “चालेल.” ह्यांनी फोन कपाळावर मारून घेतला.

समीक्षाने हे ऐकलं. ती आतून आली, डोळे लाल. “बाबा, पोरात खोट असेल तर सांगा. मी आत्ता नाही म्हणते. खोट नाही, म्हणून तुम्ही लग्न मोडणार? रविवारी सही झाली नाही तर मी पेणला रूम घेऊन राहीन. ना त्याच्या घरी, ना तुमच्या. मग बसा अटी लिहीत.” आणि ती तिच्या बापाची पोरगी आहे. बोलली म्हणजे करणार. त्या आठवड्यात घरात तिघंजण तीन वेळांना जेवली. मी देवाला म्हटलं, बाबा रे, त्या बाईला एक अट सुचव, केवढीही चालेल.

रविवार उजाडला. गावातले पाच पंच, भरतभाऊजी, पेणहून शकूताई, हर्षद आणि त्याचे काका. कागदाला हळदकुंकू लागलं. समीक्षा दाराच्या आड नाही, चांगली समोर येऊन बसली. ह्यांनी टोपण काढलं. शकूताईंनी पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली आणि चष्मा लावला. बिचारीने आठवडाभर घाम गाळला होता.

“लिवा, भाऊ. एक. वरातीत डीजे वाजणार नाही.”

ह्यांचा चेहरा असा उजळला म्हणता! पेन कागदाला टेकलं.

“म्हणजे,” शकूताई म्हणाल्या, “पोरांची हौसच असली तर थोडा वाजू दे. एकदाच लग्न होतं.”

पेन उचललं गेलं.

“बरं, दोन. सुनेने पहाटे पाचला उठायचं.” समीक्षाच्या भुवया वर. “पण पाचला उठून करणार काय ती? मीच साडेसहाला उठते. खोडा ते.”

“लिवलंच नाय अजून!”

“तीन. सुनेला वालाचं बिरडं आलं पाहिजे.” ह्यांनी मान डोलावली, ही खरी अट, लिहिण्यासारखी. ‘सुनेस’ एवढं लिहून झालं. शकूताईंनी समीक्षाकडे पाहिलं, विरघळल्या आणि म्हणाल्या, “नाय आलं तरी मला येतं. एका घरात दोघींना कशाला यायला हवं?”

पंचांपैकी एकजण हसता हसता खांबाला टेकला. भरतभाऊजींना ठसका लागला. ह्यांच्या कपाळावर घाम. “शकूताई, हात जोडतो. एक तरी अट टिकवा!”

“टिकत नाय हो भाऊ,” त्या रडकुंडीला आल्या. “घातली की वाटतं, नाय पाळली तर काय मी पोरीला बाहेर काढणार हाय? मग घालून काय करू?”

 कागदावर वर ‘श्री’ आणि खाली ‘सुनेस’. ह्यांनी पेन दोन बोटांत फिरवलं. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस उठणार, आणि पोरगी पेणला खोली शोधणार.

तेवढ्यात समीक्षा म्हणाली, “अटच हवी ना तुम्हाला? मग माझी लिहा. आपल्या बाजूने.”

“बोल,” हे म्हणाले. बुडत्याला काडी मिळाली होती.

“मुलगी माहेरी कधीही येईल. कारण सांगणार नाही. कितीही दिवस राहील. भांडून आली तरी, हसत आली तरी. चूक तिची असली तरी. दार उघडायचं.”

ह्यांनी लिहायला घेतलं. ‘मुलगी’ लिहिलं. ‘माहेरी’ लिहिलं. आणि थांबले. मग पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात टाकलं.

“हे नाय लिवणार,” म्हणाले.

पोरीचा चेहरा पांढरा पडला. माझं तर टाळकंच सणकलं. भर बैठकीत मी उठणार होते, देवाशपथ. “का नाय लिवणार?” तिने विचारलं.

“अगो, ही काय लिवायची गोष्ट हाय?” ह्यांचा आवाज फुटला. “लिवलं आणि उद्या कागद हरवला, तर? उंदरानं खाल्ला, तर? तू काय दारात उभी ऱ्हाशील, कागद शोधत? घर तुझं हाय. चूक कर नायतर बरोबर कर, ये. ह्याला अट लावणारा मी कोण? ह्याला कागद लागत नाय.”

आणि मग एवढा मोठा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. पंच इकडेतिकडे बघायला लागले. समीक्षा उठून त्यांच्या मांडीशी जाऊन बसली. शकूताईंनी काही न बोलता कागद पुढे ओढला आणि त्यावर, ‘श्री’, ‘सुनेस’ आणि ‘मुलगी माहेरी’ एवढंच लिहिलेलं असताना, खाली सही ठोकली. मग ह्यांनी केली. अक्षर थोडं वाकडं आलं. सुपारी फुटली.

सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, झाला नाही असं कोण म्हणेल? पण पाहुणे गेल्यावर मी कपाटातल्या पत्र्याच्या पेटीतून आमच्या लग्नाची यादी काढली. अक्षर ह्यांचंच, तेव्हाचं तरणं. सातवं कलम मी बोट ठेवून वाचून दाखवलं. ‘सौ. नंदा वर्षातून दोन वेळा माहेरी जाईल, शिमगा व दिवाळी. मुक्काम चार दिवस.’ माझं माहेर जित्याचं, पेणच्या पलीकडे, गाडीने तासाभराचा रस्ता. सव्वीस वर्षांत मी त्या कलमाला एकदाही ओलांडलं नाही. माझे बाबा आजारी होते, तेव्हाही मी चार दिवसांनी परत आले. पाचव्या दिवशी ते गेले.

ह्यांनी तो कागद घडी करून मांडीवर ठेवला. 

“नंदे, मी तवा लहान होतो गो,” म्हणाले. “मला वाटायचं, लिवलं नाय तर तू परत येणार नायस.”

मला इतका राग आला, आणि इतकं रडू आलं, की आधी काय करावं तेच कळेना. म्हटलं, “उद्या मी जित्याला जाते. आईकडे. कवा येईन ते सांगत नाय.”

त्यांनी तोंड उघडलं. मला दिसत होतं, जिभेवर ‘पण’ येऊन बसला होता. तो त्यांनी गिळला. सकाळी सहाला उठून माझी पिशवी स्टेशनपर्यंत उचलून आणली, गाडीत वरच्या फळीवर ठेवली आणि फलाटावर खिडकीशी उभे राहिले. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, “जा.”

आज अकरावा दिवस आहे. फोन रोज येतो. आईची तब्येत विचारतात, भात कसा लावायचा ते विचारतात, कुकरच्या किती शिट्ट्या ते विचारतात. कधी येणार, हे मात्र अजून एकदाही विचारलेलं नाही. परवा मीच म्हटलं, येते रविवारी. तर पलीकडे इतका वेळ काही आवाजच आला नाही, की मला वाटलं फोन कट झाला.